मापाचा कागद

मिरजकर तिकटीजवळ इलाहीभाईंचं झेरॉक्सचं दुकान.
बायोडाटा पन्नास रुपये, फोटोसकट सत्तर.
त्यांच्याकडं एक तयार नमुना आहे,
नाव तेवढं बदलायचं.
छंद : वाचन, पोहणे, संगीत ऐकणे.
"पोहतीस काय?"
रंकाळ्याच्या कठड्यावर बसून पाय हलवते, तेवढंच.
त्यांनी पोहणं पुसलं.

शिवांजली दत्तात्रय सातपुते. सुभाषनगर.
बी.कॉम., दुसरा वर्ग.
आणि मग ते आलं :
अनुभव.
टिंबांपुढं कर्सर उघडझाप करत राहिला,
दाराशी आलेल्या पाहुण्यासारखा,
चप्पल काढू का नको.

शिरोलीच्या फाउंड्रीत डिस्पॅचला एक जागा आहे.
अनुभवी उमेदवारास प्राधान्य.
मी म्हटलं, निरंक लिहा.
"निरंक तलाठ्याच्या कागदावर लिहितात, पोरी.
बावीस वर्षं झोपून काढलीस व्हय?"

टॅली येतं, लिहा.
"येतं?"
येईल.
"मग शिकत आहे, असं लिहू."
नमुन्यात नेतृत्वगुण होतं.
"कुणाचं नेतृत्व केलंस?"
धाकट्या भावाचं.
"ऐकतोय?"
न्हाई.
तेही गेलं.
पान रिकामं होत चाललं होतं आणि मागं
हॉलतिकिटांची झेरॉक्स काढायला पोरं उभी होती.

घरी आमच्या एक पत्र्याची ट्रंक आहे.
गिऱ्हाईक येतं, जुन्या पेपरवर पाय ठेवतं,
आण्णा पेन्सिल फिरवतात,
टाचेपासून अंगठ्यापर्यंत आणि वळून परत.
त्या पायाच्या आत लिहायचं काम माझं, सहावीपासून :
नाव, गाव, कधी पाहिजे,
किती दिले, किती राहिले.
चौदाशे कागद आहेत. गेल्या दिवाळीत मोजलेत.
गडहिंग्लजच्या एका मास्तरांच्या
करंगळीजवळचा उंचवटा मला पाठ आहे.
बऱ्याच लोकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो
आणि त्यांना ते माहीत नसतं.
हे कुठल्या विषयात बसतं?
एकदा पुण्याची पार्सलं अदलाबदल झाली,
दोन घरांत दोघांचे पाय सोलले.
तेव्हापासून पिशवीला आणि कागदाला
एकाच रंगाची लोकर बांधते.
नंतर एकही चुकलं नाही.

मी हे सांगत नव्हते, बडबडत होते.
पण इलाहीभाईंची बोटं चालू झालेली.
ऑर्डर नोंदणी, हिशेब, पार्सल पाठवणी.
"किती वर्षं?"
अकरा.
"अकरा लिहिलं तर बापाला बालकामगार कायद्यात धरतील.
कॉलेजपासून धरू. पाच."

पण कुणी पगार दिला नाही.
"त्यांनी पगार विचारलाय?
काम विचारलंय."

खाली त्यांनी लिहिलं : नोंदी स्वतः तपासते.
तपासते.
मी घरी येतो, जातो, करतो म्हणते,
आमच्या गल्लीत सगळ्या पोरी तशाच बोलतात.
त्या एका वेलांटीसारख्या वळलेल्या 'ते'पाशी
क्षणभर वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा बायोडाटा आहे.
मुलाखतीला आमच्यातली कोण जाईल?

कागद निघाला तो गरम होता.
निम्मं पान पांढरं.
अक्षरं मोठी करू या का, मी विचारलं.
"राहू दे. त्यांना पण शिक्का मारायला जागा नको?"
पन्नासच घेतले. फोटो घरचा होता.

आण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला,
जमिनीवर पसरला, उडू नये म्हणून
कोपऱ्यावर रापी ठेवली.
बराच वेळ बघत राहिले त्या पांढऱ्या निम्म्याकडं.
मग सवयीनं कानावरची पेन्सिल काढली.
"कधी पाहिजे?"
सोमवारी. अकराला.
आणि मी हात धरायच्या आत
त्यांनी खाली ठसठशीत लिहिलं :
सोमवार, ११.

दुसरी प्रत काढायची तर परत तिकटीपर्यंत जायला पाहिजे.
खोडावं का तसंच न्यावं, ठरत नाही.
रबर शोधतोय मी अजून.