सही

दिल्लीत होते तेव्हा पुढं सायरन, मागं धूळ.
आता निलजकर साहेब सव्वादहाच्या बसनं
निपाणीला उतरतात,
पिशवीत विडीवाल्या बायकांची पासबुकं.

माझ्या खिडकीशी मलव्वा, मग जैतुनबी,
साहेब तिसरे. नंबर मोडत नाहीत.
कानडी फॉर्म मी भरतो,
साक्षीदार म्हणून ते मराठीत सही करतात,
सावकाश,
अजून फायलीवर करावी तशी.

काल जैतुनबीची पेन्शन नामंजूर होऊन आली.
जोडलेलं परिपत्रक त्यांनी चष्मा पुसून वाचलं,
शेवटच्या ओळीखाली थांबले.
त्या ‘नि’ची वेलांटी मी रोज बघतो.

पंखा कुरकुरत होता.
तंबाखूनं काळं पडलेलं बोट टेकवून
तिनं विचारलं, "कुनाची वो ही सही?"

"हाय एक. वळखीचा,"
म्हणाले, आणि माझ्याकडं
कोरा कागद मागितला.