रकाना

पेन्शनच्या अर्जात एकच रकाना: व्यवसाय.
बोटभर रुंद.
काउंटरपलीकडचा मुलगा, छातीवर पट्टी 'नेल्सन',
शर्टाच्या घड्या अजून दुकानातल्याच,
म्हणतो, "सेन्योरा ओयार्सो, एकच लिहा.
सगळ्यात जास्त वर्षं केलात तो."

सगळ्यात जास्त वर्षं मी
निघायच्या तयारीत होते, पोरा.
ते लिहू?

मी सात वर्षांची असताना आमचं घर चाललं.
वडलांचं काकाशी पटेना म्हणून
गावाने घराखाली ओंडके सारले,
सोळा बैल जुंपले,
आणि पडद्यांसकट ते टेकडी उतरून
भरतीच्या पाण्यात शिरलं.
चार होड्यांनी ओढत नेलं समोरच्या बेटावर.
आत कुणी बसायचं नसतं.
आत मी होते, आणि मांजर.
चुलीवरची किटली हिंदकळली, पण सांडली नाही.

लोक म्हणतात, एदुविहेसच्या पायाला भिंगरी.
माझ्या नाही. घराच्या.

एकोणिसाव्या वर्षी दक्षिणेला,
मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीत स्वयंपाकीण.
वारा असा, की पुढच्याला मारलेली हाक
मागच्याला ऐकू जायची.
तिथला बाउतिस्ता कातरताना
मेंढीच्या कानाशी काही पुटपुटायचा.
काय, ते कळायला मला लग्न करावं लागलं.
तो आकडे मोजत होता.

भांडण झालं नाही.
एका पहाटे ट्रक थांबला,
ड्रायव्हरने विचारलं, उत्तरेची वाट माहीत असणारं कुणी आहे का?
मी म्हटलं, मी आहे.
वाट मला माहीत नव्हती.
कडेवर पोर होतं, दीड वर्षाचं.

वाळवंटात रुग्णवाहिका चालवली.
पहिल्या दिवशी गाडी येत नव्हती,
दुसऱ्या दिवशी येत होती.
एकशे बाराव्या किलोमीटरला मागे एक मुलगी जन्मली.
तिला माझं नाव ठेवलंय, बिचारीला.

मग खाणावळ, ती बुडाली.
मग सिनेमाघरात तिकिटं फाडली.
मग वालपाराइसो,
पियानो जुळवणारा मिर्को कुसानोविच.
त्याचे कान चालले होते, त्याने माझे भाड्याने घेतले.
अकरा वर्षं मी सांगत राहिले:
वर, अजून थोडं, आता खाली.
त्याने मागणी घातली, मी हो म्हटलं,
त्याला ऐकू गेलं नाही.
पुन्हा म्हणावं लागलं,
आणि तेवढ्या वेळात मी खरंच विचार केला.

त्याची चावी पर्समध्ये असते.
बघ. जड आहे.
नको, पुसू नकोस.

माझा मुलगा हे सगळं वेगळं सांगतो.
त्याच्या गोष्टीत सात शाळा आहेत,
आणि प्रत्येक शाळेच्या नाटकात तो झाड,
कारण वर्षाच्या मध्ये आलेल्याला
झाडच उरलेलं असतं.
आता तो बँकेत आहे. एकाच. बावीस वर्षं.
फोन करतो रविवारी, वेळेवर,
आणि विचारतो, "आई, आहेस ना तिथेच?"
मी आहे म्हणते.
बहुतेक वेळा खरं असतं.

मागे रांग खोकते.
एकजण छत्री जमिनीवर आपटतो.
नेल्सन पेन फिरवतो, घड्याळ बघतो,
वाईट मुलगा नाही,
चावी त्याने दोन्ही हातांनी परत दिली.
"मग सेन्योरा," हळू आवाजात म्हणतो,
"गृहिणी टाकू?"

मला कंबरभर पाण्यातलं घर दिसतं,
खिडकीतली मांजर,
किनाऱ्यावर मागे मागे जाणारे बैल,
आणि आतून मारलेली माझी हाक,
जी कुणालाच ऐकू गेली नव्हती.

"चालेल," मी म्हणते.