खोली दोनशे चौदा

तो म्हणाला, "बर्फावर मेलेली ती माणसं
शूर नव्हती. स्वस्त होती."
मंगळवारी, पावणेअकराला, फळ्याकडे पाठ करून,
कॉफीचा घोट घेता घेता.

संदर्भ तुटला असेल, असं काही भली माणसं म्हणाली.
नाही. टेप मी ऐकली आहे, टाइप केली आहे.
मागेपुढे काही नव्हतं.
तो तेच म्हणाला,
आणि विचारल्यावर पुन्हा म्हणाला.

न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर, आमच्या गावात,
सीलच्या शिकारीला गेलेल्या 'नॉर्दर्न ग्रेस'चे त्रेपन्न जण
चर्चच्या भिंतीवर आहेत, पितळेत.
दर मार्चला नावं वाचतात.
मुलांना ती पाढ्यांसारखी पाठ.
उचलली जीभ लावली टाळ्याला, हे इथे चालत नाही.

बुधवारपर्यंत चारशे फोन.
मीच उचलत होते. दोघे रडले,
एकाने माझ्या आईचा उद्धार केला.
कोणीतरी त्याच्या दाराला कॉडची मुंडकी लटकवली,
दोरीत नीट ओवून,
इथलाच माणूस ओवेल तशी.
टोरंटोहून विमानाने तिघे आले
आविष्कारस्वातंत्र्याचे फलक घेऊन;
तीन भाषणांत जहाजाचं नाव तीन प्रकारे चुकलं.

प्रोफेसर नॉसवर्दी मला कधी आवडला नाही.
अकरा वर्षांत एकदाही त्याने आपला कप विसळला नाही.
निषेधाच्या अर्जावर सहाशे बारावी सही माझी आहे,
ती मी लपवत नाही.
निलंबनाचं पत्रही मीच टाइप केलं.
"चौकशी पूर्ण होईपर्यंत" याच्या पुढे
स्वल्पविराम हवा की नको
यात डीनची दहा मिनिटं गेली.

शनिवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती.
ड्रुसिला कीपिंगला पहिल्या रांगेत बसवलं होतं.
वय एक्क्याण्णव. पितळेवरचं सतरावं नाव तिच्या बापाचं;
जहाज निघालं तेव्हा ती पोटात होती.
माईक तिच्यापर्यंत नेला.
आता ही शाप देणार, म्हणून सगळे इतके गप्प झाले
की रेडिएटरची खटखट ऐकू आली.

ती म्हणाली, "त्याचा तास कधी असतो?"

कोणीतरी हसलं. मग टाळ्या.
टाळ्या कशासाठी होत्या, मला अजून कळलेलं नाही.

मंगळवारी साडेदहाला ती आली,
बुटांना रस्त्यावरचं मीठ, पुतण्याचा हात धरून.
एवढासा जिना, पण चढायला चौदा मिनिटं.
दोनशे चौदाला कुलूप. दारावर सूचना,
सही डीनची, अक्षरं माझी.

"तो नाही?"
"नाही."
"मग मी भांडू कोणाशी?"

किल्ली माझ्याच जुडग्यात होती.

ती तिसऱ्या बाकावर बसली, कोट न काढता,
आणि पुसलेल्या फळ्याला म्हणाली:
"स्वस्त होता, हे मला शिकवू नकोस.
पायातले बूट कंपनीच्या उधारीचे.
बापाबरोबर पुरलेले ते बूट
माझ्या आईने सात वर्षं मासे खारवून फेडले.
तेवढं तू बरोबर बोललास,
आणि तेवढं बोलायला इथे कोणी धजलं नव्हतं.
पण शूर नव्हता कशावरून?
सापडला तेव्हा अंगावर कोट नव्हता.
कोट एका सोळा वर्षांच्या पोराला घातलेला.
पोरही मेलं. म्हणजे कोट फुकटच गेला.
आता सांग, हा हिशेब
तुझ्या वहीत कुठल्या बाजूला मांडतोस?"

मग ती थांबली.
उत्तर यायला जेवढा वेळ लागावा तेवढी थांबली.
पुतण्याने घड्याळ पाहिलं. खाली माझ्या टेबलावर
फोन वाजत होता, वाजून बंद पडत होता,
परत वाजत होता.

"बरं," ती उठताना म्हणाली,
"पुढच्या मंगळवारी?"