पायाळूचं घर

संध्याकाळी सहा वीसला नागपूरहून फोन :
"काका, बाबा चाळीस मिनिटं झाली हललेच नाहीत."
पाहतो बाई, म्हणतो मी. चष्मा शोधतो. मोबाइल उघडतो.
डॉक्टरांच्या मनगटावरचं काळं घड्याळ
आकाशात कुणाला तरी विचारतं मी कोठी आहो,
आणि उत्तर माझ्याकडे येतं.

ठिपका उमा नदीच्या अलीकडे,
लेंज्यांच्या बांध्या संपतात तिथं.
नकाशावर त्या जागी काहीच नाही.
हिरवट रंग, बस.

एकतीस वर्षं मी त्यांचा कंपाउंडर.
फटफटी मी चालवायचो, रस्ता ते सांगायचे मागून :
गोवराच्या घरापासून डावीकडे घे, नानाजी,
दम्याची म्हातारी सोड,
तिच्यामागं कावीळ, मग जुळ्यांचं अंगण.
कुणाला पेनिसिलिन चालत नाही,
कुणाचे "दोनच पेले" म्हणजे सहा समजायचे,
कोणत्या सुनेला एकटीला विचारायचं
आणि तेवढा वेळ सासूला पाणी आणायला धाडायचं,
सगळं डोक्यात. कागद एक नाही.
फी म्हणून लाखोळीची डाळ, नाहीतर वांगी,
नाहीतर "रोवणं झालं की देतो".

खोटं कशाला बोलू, आकाशातल्या त्या यंत्राचे
उपकार आहेत गावावर.
मागच्या महिन्यात बोरकुट्याच्या पोराला साप चावला,
ॲम्ब्युलन्सवाला परमुलखातला,
लोकेशन टाकलं, सरळ दारात आला.
पोरगं वाचलं.
पण त्यानं घर पाहिलं ते दार म्हणून.
त्या घरात सहा वर्षांआधी काय झालं होतं,
ते ठिपक्यात नसतं.

आता डॉक्टरांनाही कधी असतं, कधी नसतं.
परवा मलाच म्हणाले, "खोकला किती दिवसांचा?"
मी म्हणालो, तीन दिवसांचा.
त्यांनी पाठीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं.

तेवढ्यात वनखात्याच्या ग्रुपवर निरोप :
कॉलरवाली नदीकडच्या पांदणीत. गुरं सोडू नका.
मडावीताईला फोन लावला. म्हणाली,
"तिची खूण चार तासांनी येते, काका.
दुपारी तिथं होती. आता कुठं असेल,
देवाला माहीत."

बॅटरी घेतली. टिनाचा डबा घेतला, वाजवायला.

डॉक्टर धुऱ्यावर बसलेले,
टोंगळ्यापर्यंत चिखल,
उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर.
"नानाजी, या घड्याळात सेकंदाचा काटाच नाही.
नाडी मोजू कशी?"

मी माझं जुनं किल्लीचं घड्याळ काढून दिलं.
त्यांनी माझाच हात धरला.
ओठ हलत होते.
समोर तुरीत काहीतरी खसकन हललं
आणि हात सोडवायची हिंमत मला झाली नाही.
"अठ्ठ्याण्णव. घाबरलास का?"

मग भोवती पाहून : "हे पायाळूचं घर ना?"
हो.
बावीस वर्षांआधी इथं कुडाची झोपडी होती.
रात्रभर बाई अडलेली, पाय आधी आले,
कंदील मी धरला होता.
झोपडी गेली, बाईही गेली,
पायाळू दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जाते.
"पोरगी कशी आहे?"
बरी आहे, म्हणालो.

फोन वाजला : "काका, ठिपका हलला. थँक्यू हं."

चला डॉक्टर, आणि जोरात बोला,
वाघीण असंल आजूबाजूला.
काय बोलू?
काहीही. गाव बोला.

मग अंधारात, डब्याच्या तालावर,
आखरापासून ते गाव बोलत आले.
गोवर. दमा. कावीळ. जुळी.
फिट येणारा मास्तर.
एकही घर चुकलं नाही.

माझ्या दारापाशी थांबले.
बॅटरीच्या उजेडात कवेलू पाहिले, तुळस पाहिली.
"इथं कुणाला काय होतं?"

खोकला, म्हणालो मी.
तीन दिवसांचा.