हाटी

ढालगावच्या पठारावर सत्तेचाळीस नंबरची पवनचक्की बंद पडली
तेव्हा डेन्मार्कहून येन्स आला.
दिवसभर वर, कानात वारा.
संध्याकाळी खाली, ग्रीसच्या हातात चहा.
आबा त्याला येणूस म्हणायचा,
तोही ओ द्यायचा.

माघ पुनवेला पाती थांबलेली होती.
पश्चिमेला सूर्य टेकलेला, बुडालेला नव्हता,
आणि जतच्या अंगाला चंद्र वर येत होता,
कातरणीआधीच्या लोकरीसारखा पिवळट.
दोघांच्या मधे उभा राहून येन्स म्हणाला,
आमच्याकडं यांच्या मागं दोन लांडगे लागलेत.
सूर्यामागं स्कोल, चंद्रामागं हाटी.
जग झालं तेव्हापासून पळतायत.
गाठतील त्या दिवशी सगळं संपेल.

मी इथला राखणदार. बारावीला इंग्रजीतच गेलेलो.
पण लांडग्याला लांडगाच म्हणायचं,
त्यात काय अवघड.
आबाला सांगितलं.

आबानं घोंगडं सावरलं.
'दुसऱ्याचं नाव काय म्हनलास?'
हाटी.
'हाती? आन हाती काय लागलं का त्येच्या?'
अजून न्हाई.
'मग असलं नाव ठिवलं कुनी?'

हे काही मला इंग्रजीत सांगता येईना.
मी हात पुढं केला, उघडा, रिकामा.
येन्सला वाटलं, पैसे मागतोय.

आबाचं चालूच.
पानी कुटं पित्यात?
मादी हाय का संगं? पिलं कुनापाशी ठिवली?
'लांडगा कळपामागं असला तरी मधी बसतो,
पाय चाटतो, वाऱ्याकडं नाक करतो.
ज्येला बसायची मुभा न्हाई
त्यो लांडगा न्हवं,
त्यो नोकरीला लागलेला कुनीतरी.'

एवढं मात्र मी येन्सला नीट सांगितलं.
तो खूप हसला.
मग हसायचा थांबला, खिशातून
मुलीचा फोटो काढला, बघितला, ठेवून दिला.

त्याला एक सांगितलं नाही.
या चौथऱ्याच्या जागी कपार होती.
सुरुंगाच्या दिवशी आबानं मेंढरं लांब नेली,
आणि लांडगीण भर उन्हात, माणसांच्या देखत,
पिलं तोंडात धरून ओढ्यापलीकडं नेत होती.
तीन खेपा मी मोजल्या.
चौथीच्या वेळी मुकादमानं मला
पाणी आणायला धाडलं.

रात्री दोनच्या सुमाराला ती आली.
तीच असावी. मागचा एक पाय टेकत नव्हती.
क्रेनच्या चाकानं पाडलेल्या खड्ड्यात
टँकरचं सांडलेलं पाणी होतं
आणि पाण्यात तो होता, आख्खा.
तिनं आधी वारा घेतला.
मग तोंड लावलं.
चंद्र फाटला, जुळला, फाटला,
जिभेचा आवाज पार केबिनपर्यंत येत होता.
आबा जागा होता,
कुत्र्याच्या पट्ट्यात बोटं अडकवून.
कुत्रं थरथरत होतं. कोण कुणाला धरून होतं,
लांबून कळत नव्हतं.

पहाटे मेंढरं मोजली. एक कमी.
एरवी आबा तीनदा मोजतो.

सात वीसला पाती फिरायला लागली.
पहिली सावली कुसळांवरनं पळत गेली,
तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी.
मेंढरं बिचकली, मग चरायला लागली.
येन्स वरून हात हलवत होता.
मी वहीत लिहिलं:
टॉवर ४७ चालू. वारा मध्यम.
रात्री विशेष काही नाही.