दहा वजा

माझ्या मोजफितीचे पहिले दहा सेंटिमीटर
वितळून गेलेत.
नवी मागायची दर वर्षी राहून जाते.
मी दहापासून मोजतो, मग दहा वजा करतो.
'वजा केलेस ना रे?' झुलमिरा दारातून विचारते,
हातात कोबीचं पान.

नियम साधाच आहे. नगरपालिकेच्या दारावर
चार टाचण्यांनी टोचलेला:
घराभोवती पन्नास मीटर रान विरळ,
छपरापासून पाच मीटर एकही फांदी नको,
आणि शेंड्याशेंड्यांत अंतर असं,
जसं अबोला धरलेल्या जावांमध्ये असतं.

तिचा पाइन छपरापासून तीन मीटर वीस.
दहा वजा. तीन दहा.
पुन्हा मोजतो, तेवढंच भरतं.
दुआर्त फ्रान्सला गेला त्या सकाळी लावून गेला होता;
परत आला तो पेटीतून.
'हे बसतं का तुझ्या कलमात?'
नाही बसत.
मला कलम लावता येतं,
झाड नाही.

मग ती खाली उताराकडे बोट दाखवते.
तिथे निलगिरी, सालीच्या चिंध्या लोंबत,
मालक तीन भाऊ:
एक लिऑनला, एक वारला,
तिसऱ्याचं फक्त नाव आहे कागदावर.
माझी तीन पत्रं परत आलीत,
एकावर कॉफीचा डाग.

पाणी खाली जातं, आग वर येते.
एवढा भूगोल त्या ऑक्टोबरने
एका रात्रीत शिकवला सगळ्यांना.
फीत तेव्हा गाडीच्या बॉनेटवर राहिली होती
आणि मी आल्बानोचं दार ठोकत होतो.
आल्बानोचं घर
नियमाच्या आधीचं होतं.

'सोमवारी पाठव करवतवाल्याला,' झुलमिरा म्हणते,
'मंगळवारी नको. मंगळवारी दुआर्तचा वाढदिवस.'
मी वहीत सोमवार लिहितो.
पुढचं लिहायच्या आत
तिने फितीचं जळकं टोक माझ्या हातून घेतलंय,
कोबीचं पान कमरेला खोचलंय,
कुंपणाची तार वाकवून
ती शिरलीय परक्या जमिनीत,
जिथे नोटीस दिल्याशिवाय मला पाय टाकता येत नाही.

सालीचा चरचर आवाज.
फीत तीसवर ताठ होते.
'अजून किती?' खालून ओरडते.

'वीस,' मी म्हणतो.
'वीस मीटर,
आणि वर
दहा सेंटिमीटर.'