तूट

पहाटे पाचला एम्लिन बेव्हन
वजनकाट्याच्या खिडकीची काच बाहीने पुसतो
आणि पहिली गाडी काट्यावर चढते.
जाताना भरलेली, येताना रिकामी.
मधला फरक म्हणजे
आमच्या तीन खोऱ्यांचं उष्टं.

मी त्या फरकाची कारकून.
करारात मला ‘संयुक्त व्यवस्थापक’ म्हटलंय.
तीन कौन्सिलं मिळून पगार देतात,
त्यामुळे तो तीन वेगवेगळ्या तारखांना उशिरा येतो.

करार पंधरा वर्षांचा, चारशे बारा पानांचा,
डावीकडे वेल्श, उजवीकडे इंग्रजी.
उष्टं दोन्ही भाषांत सारखंच आंबतं,
पण उष्टं म्हणायचं कशाला
यावर दोन वकील अकरा महिने जेवले.

सही करताना भीती होती ती जास्त होण्याची.
म्हणून कंपनीने हमी मागितली ती आम्ही हसतच दिली:
वर्षाला अकरा हजार चारशे टन,
आणि कमी पडलं तर
जे आलं नाही त्याचेही पैसे.
खरकटं कधी कमी पडतं का?

मग आम्हीच घरोघर पत्रकं टाकली.
लीकचा हिरवा शेंडा फेकू नका, सूपात घाला.
शिळ्या पावाचं पुडिंग करा.
बटाटे मोजून सोला.
लोकांनी ऐकलं,
हे कुणाच्याच तक्त्यात नव्हतं.
पुढे लोणी महागलं, गॅसचं बिल आलं,
आणि न ऐकणारेही ऐकू लागले.

मार्चअखेर: चारशे सत्तर टन कमी.
न फेकलेल्या घासांचं बिल
माझ्या टेबलावर, तीन प्रतींत.

बैठक जुन्या चॅपलच्या मागच्या खोलीत.
हीटर एकच, तो अध्यक्षांच्या पायाशी.
खालच्या खोऱ्याचे म्हणाले, आमचं वजन पुरं आहे,
तूट वरच्यांची, त्यांनी भरावी.
वरच्या खोऱ्याच्या तेगवेन प्रॉसर म्हणाल्या,
तुमच्याकडे हॉटेलं आहेत, आमच्याकडे पेन्शनी.
पेन्शनीचं ताट तुम्ही पाहिलंय?
मधल्यांनी सुचवलं, शेजारच्या परगण्यातून
थोडा कचरा विकत आणू.
मी ते इतिवृत्तात लिहिलं. दोन्ही भाषांत.
तीन तिघाडा म्हणतात, पण इथे
काम बिघडलं नव्हतं,
हीच तर अडचण होती.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणे.
हे आमचं बारावं वर्ष.

दुपारी पावत्यांवर सह्या घ्यायला काट्यावर गेले.
किती कमी? एम्लिनने विचारलं.
सांगितलं.
पावतीच्या पाठीवर तो पेन्सिलने काहीतरी करत बसला.
आठवड्याला दीड किलो, बावन्न आठवडे,
अठ्ठ्याहत्तर.
नेस्ता टोस्टच्या कडा खात नसे, तो म्हणाला,
आणि चहाच्या पिशव्या, दिवसाला सात.
मागच्या फेब्रुवारीपासून माझ्या हिरव्या डब्यात
तळ दिसतो.
तेही धरलंय का त्यात?

धरलंय, म्हटलं.
चौदाव्या कलमात कारण लिहायला रकाना नाही.

पलीकडे टाकीचं हिरवं घुमटाकार छत
किंचित खाली बसलेलं,
जेवणाची वेळ टळून गेलेल्या पोटासारखं.

एम्लिनने डबा उघडला, सँडविच अर्धं खाल्लं,
उरलेलं कोपऱ्यातल्या हिरव्या डब्यात टाकलं,
माझ्याकडे बघून म्हणाला, तेवढंच कमी.
मग क्षणभर थांबून
हात घालून बाहेर काढलं,
फुंकर मारली
आणि खाऊन टाकलं.

बाहेर गाडी चढली.
काट्यावरचे आकडे थोडे थरथरले,
थांबले.